सामायिक

चौबळ एकतीस तारखेला निवृत्त.
एक तारखेला खातं बंद, होम डिरेक्टरी टेपवर,
मग जागा कोरी. नियमच आहे तसा.
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, गळक्या एसीखाली बादली लावून
मी शोधत बसलो
त्यांच्या घरात कोण कोण शिरतं ते.

एकशे बारा प्रोग्राम.
व्हॉल्व्हच्या भिंतीची जाडी काढणारा,
फ्लँजच्या बोल्टांचा ताण मोजणारा,
तपासणीचा दाखला छापणारा,
आणि एक, जो काय करतो ते कुणालाच ठाऊक नाही पण रोज पहाटे चालतो.
सगळ्यांच्या कपाळावर एकच पत्ता:
स्लॅश होम, स्लॅश चौबळ, स्लॅश लिब.

असं कुणी ठरवलं नव्हतं.
सत्त्याण्णव साली त्यांनी एक फाइल लिहिली,
दाबाची एककं बदलणारी.
शेजारच्या टेबलानं विचारलं, वापरू का?
ते म्हणाले, वापर की.

आमच्या सोसायटीत पाण्याच्या मोटारीचं बटण
खारकरांच्या स्वयंपाकघरात आहे, फ्रिजच्या मागं.
बिल्डरची वायर तिथवरच पुरली.
खारकर लग्नाला सुरतेला गेले
की वीस बिऱ्हाडं बादल्या मोजतात.

तर, कुठं ठेवायचं?

पिनाकिन अमीन म्हणाला, यूएसआर लिबमध्ये टाका,
सगळे तिथंच तर असतात.
सगळे असतात, खरं. पण ते वरून आलेल्यांचं घर.
रात्री अडीचला अपडेट येतो, नावानिशी हजेरी घेतो,
आपल्या फाइलीच्या नावाची त्याची फाइल असली
तर आपलीवर बसतो, विचारत नाही.

मग शेअर?
नावातच वाटून घेणं आहे, मला आवडलं होतं.
पण तिथं राहावं त्यानं, जो कुठल्याही यंत्रावर
जसाच्या तसा चालेल.
चौबळांच्या चार फाइली याच प्रोसेसरसाठी घोटलेल्या,
दुसरीकडे नेल्या तर तोंड उघडणार नाहीत.

ऑप्टमध्ये विकत आणलेले राहतात.
ते ड्रॉइंगचं महागडं सॉफ्टवेअर,
मीठसुद्धा स्वतःच्या डब्यातलं,
कुणाकडे मागत नाही, कुणाला देत नाही.

उरलं लोकल.
लोकल एटले शुं, पिनाकिन म्हणाला, नक्की कोण?
मी म्हटलं, जे वरून आलं नाही,
इथल्याच कुणी हातानं बसवलं, ते.
तो हसला. म्हणजे तुमच्यासारखं.

पाच पिढ्या दांडिया बाजारात.
तरी रिक्षावाला विचारतो, मूळ गाव कुठलं?
पुण्याला गेलो की तेही विचारतात,
कारण मी 'जमेल'ला 'फावेल' म्हणतो.
मी उत्तर दिलं नाही. कमांड टाइप केली.

शनिवारी रात्री साडेनऊला हलवलं.
चौबळ मागं उभे, हातात रिकामा डबा.
परवानग्या?
वाचायला सगळ्यांना, लिहायला दोघांना.
नाव बदललंस?
नाही.
स्क्रीनवर त्यांचीच एक जुनी टीप सरकली,
दोन हजार तीनची: 'हे रविवारी तपासणे.'
राहिलंच, म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

एकशे बारा कपाळांवरचा पत्ता पुसायची
माझी छाती झाली नाही.
त्यांचं घर रिकामं केलं, दार तेवढं ठेवलं,
आणि दारात एक दुवा:
इथं कुणी राहत नाही, पलीकडे जा.
पहाटेचा तो अनोळखी प्रोग्राम
चार वाजून दोन मिनिटांनी आला,
वाचलं असावं त्यानं. लॉगमध्ये तक्रार नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये बटणाचा विषय तिसऱ्यांदा निघाला.
जिन्याखाली ओल येते, गच्चीत माकडं,
वॉचमनच्या खोलीला कुणी तयार नाही.
पुढच्या महिन्यात बघू, ठरलं.
खारकरवहिनींनी उठता उठता
त्यांच्या दाराची एक किल्ली
माझ्या हातावर ठेवली.